एका कपाटाच्या दोन किल्ल्या

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेटच्या मशीनचा अख्खा बॅकअप बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘पुरावा. सर्वांनी कृपया पाहून घ्यावा.’ फाइल कोणालाच उघडता आली नाही. तरी तिच्याखाली अंगठ्यांची रांग लागली, एकाने हात जोडले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ‘ग्रेट वर्क सर’ असं लिहिलं. मुलुंडच्या आमच्या या टॉवरमध्ये शिकलेल्या माणसांची अजिबात कमतरता नाही.

पुरावा होता तो मावशींविरुद्ध. मावशी म्हणजे आमच्याकडे आणि बिल्डिंगमधल्या आणखी काही घरांत धुणंभांडी, केरफरशी करणाऱ्या बाई. इथे चार मजली जुनी बिल्डिंग होती तेव्हापासून त्या येतात. ती पाडली, आम्ही भाड्याच्या घरांत पांगलो, टॉवर उभा राहिल्यावर परत आलो आणि आमच्यामागून मावशीही परत आल्या. पूर्वी त्या जिना चढून यायच्या. आता गेटवर कार्ड लावतात, मशीनसमोर चेहरा धरतात आणि मागच्या सर्व्हिस लिफ्टने वर येतात. पुढच्या दोन लिफ्ट रहिवाशांसाठी आणि पाहुण्यांसाठी राखीव आहेत. तसा रीतसर ठराव झालेला आहे.

शिमग्याला मावशी गावी जातात, मालवणच्या बाजूला. तुम्ही रागवा, तोंड वाकडं करा, काय वाटेल ते करा, शिमगा चुकत नाही. पण घरं उघडी टाकून त्या जात नाहीत, बदली देऊन जातात. बदली म्हणजे आपल्याच माणसांतली दुसरी बाई, तेवढे दिवस, त्याच घरांत, त्याच वेळेला. ती आली म्हणजे काम हातचं जात नाही. अलीकडे बदलीला त्यांची सून येते. यंदाही आली. आणि नेमक्या त्याच दिवसांत पाचव्या मजल्यावरच्या एका जोडप्याची सोन्याची साखळी गेली.

साखळी नाही हे त्यांच्या लक्षात आलं मावशी परतल्यावर. तोवर त्यांनी मावशींनी गावाहून आणलेलं खाजं खाल्लं होतं आणि छान आहे म्हणून आणखी मागून घेतलं होतं. मग सेक्रेटरींनी मशीनमध्ये पाहिलं, तर शिमग्याच्या सगळ्या दिवसांत मावशींची नोंद. रोज सकाळी आत, दुपारी बाहेर. म्हणजे जिने गावचं खाजं आणलं ती बाई गावाला गेलीच नव्हती, असं ठरलं. ज्यांच्या तोंडात अजून त्या खाज्यातल्या आल्याची चव होती, त्यांनीच ते ठरवलं.

मावशींचा पास त्याच दिवशी बंद झाला. आमच्या रस्त्यावरच्या बहुतेक टॉवरांत याच कंपनीचं मशीन आहे आणि एका गेटवर लाल शेरा पडला की तो सगळ्या गेटांवर दिसतो. त्यामुळे फक्त पाचव्या मजल्यावरचं काम गेलं नाही, शेजारच्या टॉवरांतलीही सगळीच घरं गेली. मी सेक्रेटरींना फोन केला. हे गृहस्थ विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून खुर्चीतलाच.

“मॅडम,” ते म्हणाले, “माणूस खोटं बोलेल. कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल?”

कॉम्प्युटर खोटं बोलत नाही हे मला मान्य आहे. तो खरंही बोलत नाही. त्याला जे सांगितलेलं असतं ते तो परत सांगतो आणि सांगणारा कोण होता हे विचारायची सोय बहुतेक वेळा कोणी केलेलीच नसते. त्या न विचारण्यावरच माझं घर चालतं. अंधेरीला एका कंपनीत मी दुसऱ्यांच्या प्रोग्राममधली भोकं शोधायचं काम करते. चोराच्या आधी आम्ही आत शिरायचं आणि बाहेर येऊन मालकाला सांगायचं, असा हा उद्योग. मालक बहुधा ‘बघतो’ म्हणतात.

तर ती फाइल मी उघडली. पहिल्या काही अक्षरांवरूनच ओळखलं, कारण हे ध्यान मी आयुष्यात फार वेळा पाहिलेलं आहे.

प्रोग्राम चालू असतो तेव्हा त्याच्या मेमरीत वस्तू असतात. आम्ही त्यांना ऑब्जेक्ट म्हणतो. मावशींचा पास ही अशी एक वस्तू. त्यात नाव, फोटो, कुठली कुठली घरं आणि आल्यागेल्याच्या वेळा. पण या वेळा पासच्या पोटात नसतात. त्या मेमरीत दुसरीकडे ठेवलेल्या असतात आणि पासमध्ये असतो तो त्या जागेचा नुसता पत्ता. या पत्त्याला रेफरन्स म्हणतात. मशीन बंद झालं की मेमरी पुसली जाते, म्हणून सगळ्या वस्तू सपाट करून एका फाइलीत भरायच्या आणि हव्या तेव्हा तिच्यातून पुन्हा उभ्या करायच्या. या भरण्याला सीरियलायझेशन असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात जुनी बिल्डिंग पाडायच्या वेळी आम्ही सगळ्यांनी जे केलं तेच हे. सामान बांधा, खोक्यावर लिहा, टेम्पोत चढवा.

एकच कपाट दोघांचं असेल, तर सामानाच्या यादीत ते दोनदा लिहीत नाहीत. पहिल्याच्या नावापुढे ‘कपाट’ लिहायचं, दुसऱ्याच्या नावापुढे ‘वरचंच कपाट’. उतरवणारे एकच कपाट उभं करतात आणि किल्ली दोघांच्या हातात देतात. फाइलही तेच करते आणि त्यात तिचं काही चुकत नाही. कपाट मुळात दोघांचं होतं का, हे बघणं तिचं काम नव्हे.

सुनेच्या पासमध्ये, आल्यागेल्याच्या वेळांच्या जागी, लिहिलं होतं: वरचंच कपाट.

कसं झालं असेल ते कळायला अक्कल लागत नाही. बदली आली की वॉचमन नवा पास करतो. सगळी घरं पुन्हा भरत कोण बसणार, म्हणून कंपनीने त्याला एक बटण दिलंय, ‘यासारखा दुसरा’. बटण दाबलं की नाव आणि फोटो नवे घेतले जातात, बाकी सगळं मावशींच्या पासातून येतं. आणि वेळांचं कपाट नवं न करता त्याचा पत्ताच उतरवला जातो. तेव्हापासून दोघींपैकी कोणीही गेटातून आत आली की दोघींच्या नावावर नोंद. हे बटण ज्याने बनवलं त्याच्याही घरी बाई गावी गेली की बदली येत असणार. पण ती कोण, कशी, तिचं नाव काय, हे त्याने कधी मान वर करून पाहिलं नसणार, याबद्दल माझी खात्री आहे.

त्या फाइलीतल्या नोंदी मी नीट वाचल्या. त्यांच्याप्रमाणे सून तिच्या लग्नाच्या आधीपासून आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येत होती. ती तेव्हा कणकवलीला शाळेत होती. सेक्रेटरींना हे दिसलं नाही, कारण सुनेच्या नोंदी उघडून बघाव्यात असं त्यांना वाटलंच नाही. त्यांना हवं ते आधीच सापडलं होतं.

मी मशीनच्या कंपनीत गेले. साकीनाक्याला एका गाळ्यांच्या इमारतीत ती आहे, खाली लेथ चालतात आणि वर काचेचा दरवाजा. तिथल्या मॅनेजरने मला कॉफी दिली आणि ऐकून घेतल्यासारखं केलं.

“डिस्प्ले इश्यू असेल, मॅडम,” तो म्हणाला. “नेक्स्ट व्हर्जनमध्ये घेऊ ना.”

“एका बाईचं काम गेलंय यात.”

“मग त्यांना सांगा ना, तिकीट रेझ करायला.”

मावशींनी त्याच्या कंपनीत तक्रार नोंदवावी अशी त्याची अपेक्षा होती, इंग्रजीतून, मशीनच्या ज्या अ‍ॅपमधून त्यांना काढून टाकलं होतं त्या अ‍ॅपवरून. कॉफी मात्र बरी होती.

तिथून मी मावशींकडे गेले. भांडुपला टेकडीवर त्यांची खोली आहे. सून दाराशी तांदूळ निवडत बसली होती. मी मोठ्या उत्साहाने दोघींना सगळं समजावलं. पास, कपाट, किल्ली, कोणाची नोंद कोणाच्या नावावर. म्हटलं, “मावशी, आता सिद्धच करते. त्या नोंदी तुमच्या नाहीतच, हिच्या आहेत.”

सुनेचा हात ताटात थांबला. मावशींनी ते ताट आपल्याकडे ओढून घेतलं.

“म्हणजे माझा नाव पुसून हिचा लिवतलंस?” त्या म्हणाल्या. “तसा करू नको, ताई. माझी काय, झाली कामा करून. हिका अजून आयुष्य काढूचा आसा.”

मी टेकडी उतरले तेव्हा मला संताप आलेला होता आणि त्यातला बराचसा माझ्या हुशारीचा होता. एका बाईवरचा आळ उचलून तिच्या सुनेच्या डोक्यावर ठेवायचा आणि त्याला पुरावा म्हणायचं, हे मी करायला निघाले होते. पाचव्या मजल्याला तर ते चाललंच असतं. त्यांना एक बाई हवी होती, कोणती याबद्दल त्यांचा आग्रह नव्हता. तेव्हा एवढं एकच शिल्लक राहत होतं की कोणाची नोंद खरी या वादात पडायचं नाही. त्या मशीनच्या नोंदीवर कोणालाच चोर ठरवता येत नाही, हे सगळ्यांसमोर दाखवायचं.

आणि ते दाखवणं लाजिरवाणं म्हणावं इतकं सोपं होतं.

टेम्पो नव्या घराशी येतो तेव्हा उतरवणारे हमाल हे खोकं कोणी भरलं असं विचारत नाहीत. खोक्यावर ‘खाट’ लिहिलं असेल तर खाट जोडतात. ‘शेगडी, पोचल्यावर पेटवावी’ लिहिलं असेल तर पेटवतात. या मशीनचं अगदी तसंच होतं. फाइल म्हणेल ती वस्तू ते निमूट उभी करत होतं. आणि यादीत वाटेत कोणी एक ओळ वाढवली, की ‘वरच्याच कपाटाची आणखी एक किल्ली, बाहेर उभ्या असलेल्या गृहस्थांना द्यावी’, तर तीही देत होतं. मग घरमालक येतो, कपाट उघडतो, सगळं जागच्या जागी आहे बघतो आणि सही करतो. त्याची पाठ वळली की बाहेरचे गृहस्थ आपली किल्ली फिरवतात. तपासणी रीतसर झालेली असते, फक्त जे तपासलं ते आता आत नसतं. याच्यावरचा उपाय माझ्या धंद्यात जुनापुराणा आहे. आलेली वस्तू आहे तशी वापरू नका, तिची स्वतःची प्रत करून घ्या, मग ती प्रत तपासा. आणि त्याहून बरं म्हणजे ओळखपाळख नसलेला टेम्पो दारात उभाच करू नका. हे सगळ्यांना ठाऊक असतं. करत कोणी नाही, कारण डेमोत ते दिसत नाही.

रविवारी सकाळी सोसायटीची सभा भरली. विषय: सुरक्षा. मशीन कंपनीचा मॅनेजरही आला होता, कारण सेक्रेटरींना त्याच्या तोंडून सगळ्यांना ऐकवायचं होतं. त्याने ऐकवलंही. सिस्टम फुलप्रूफ आहे, म्हणाला. मी उठले आणि पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

“यात ग्रुपवर टाकलेला तुमचाच बॅकअप आहे,” मी म्हटलं. “मी त्यात थोड्या ओळी वाढवल्यात. तुम्ही तो मशीनवर चढवा. सगळ्यांसमोर सांगते, मागाहून तक्रार नको. मूळ फाइल तुमच्याकडे आहेच, नंतर ती परत चढवता येईल.”

“बदललेली फाइल मशीन घेणारच नाही,” मॅनेजर म्हणाला.

“मग काय हरकत आहे?”

हरकत घ्यायची तर मशीनवर विश्वास नाही असं झालं असतं. त्याने फाइल चढवली. मशीनने ती घेतली, सगळे पास तपासले आणि हिरवी खूण दाखवली. मॅनेजर सेक्रेटरींकडे बघून हसला. मी चहा घेतला. त्यांच्या प्रोग्राममध्ये पासांच्या मुदती आपोआप वाढवणारी एक वस्तू आहे, ती थोड्या थोड्या वेळाने जागी होऊन आपलं काम करते. तिच्या हातात मी फाइलीतून सेक्रेटरींच्या पासाची जादा किल्ली दिली होती. ती जागी झाली. सेक्रेटरींचा पास तपासून हिरवा झालेला होता, त्याच्या आत तिने मुदतीऐवजी मी फाइलीत लिहून ठेवलेलं भरलं.

“आता सरांचं नाव टाकून बघा,” मी म्हटलं.

पडद्यावर सेक्रेटरींचा फोटो आला. प्रकार: घरकामगार. शिमग्यातल्या एका दुपारी ते पाचव्या मजल्यावर, साखळी गेली त्याच घरी, गेलेले होते. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “काय सर, कधीपासून?” आणि हसू पसरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रेट वर्कवाल्या बाई सगळ्यात जास्त हसल्या.

सेक्रेटरी लाल झाले. “हे साफ खोटं आहे. त्या दिवशी मी पुण्याला मुलीकडे होतो. सगळ्यांना माहितेय.”

“मावशी मालवणला होत्या,” मी म्हटलं. “तेही सगळ्यांना माहीत होतं.”

यावर कोणी हसलं नाही. पाचव्या मजल्यावरचे दोघं मोबाइलमध्ये बघत बसले. सेक्रेटरी पुण्याच्या बसचं तिकीट आणून दाखवतो म्हणून ताडताड निघाले. पुढच्या लिफ्टला त्यांनी कार्ड लावलं तर दिवा लाल झाला. घरकामगार ना ते. आपल्याच ठरावाप्रमाणे त्यांना मागच्या बाजूने जावं लागलं. खोटं कशाला बोलू, तो क्षण मी अगदी मनापासून उपभोगला.

मॅनेजरने मला कोपऱ्यात गाठलं. “मॅडम, हे हॅकिंग आहे. आमची लीगल टीम आहे.”

“फाइल माझ्या हातून तुम्ही घेतलीत,” मी म्हटलं. “मी कोण हे विचारलंत का?”

सभेने मावशींची माफी मागितली असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कधी सोसायटीत राहिलेला नाहीत. इतिवृत्तात आलं ते ‘तांत्रिक कारणास्तव सदर विषय बंद करण्यात येत आहे’ एवढंच. लाल शेरा निघाला, मावशींची बाकीची घरं परत मिळाली आणि सुनेचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. साखळीचं काय झालं ते मला आजही माहीत नाही आणि त्याची मला पर्वाही नाही. पोलिसांत जायला ते जोडपं शेवटपर्यंत तयार झालं नव्हतं. बाईला हाकलायला मशीन पुरेसं होतं, तक्रारीखाली सही करायला पुरेसं नव्हतं.

कंपनीने भोक बुजवलं नाही. त्यांनी सगळ्या कामगारांचे पास पुसले आणि पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या अंगणात, टेबल टाकून नव्याने करायला घेतले. पुन्हा फोटो, पुन्हा रांग. रहिवाशांना यातलं काही नाही. त्या टेबलाशी सेक्रेटरींना मावशी दिसल्या आणि ते मोठ्या मनाने म्हणाले, “झालं गेलं विसरा. आम्ही तुम्हाला माफ केलंय.”

“कशाबद्दल?” मावशींनी विचारलं.

खरंच विचारत होत्या त्या. सेक्रेटरींनी थोडा विचार केला आणि पोडियमच्या कुंड्यांना पाणी घातलंय का ते बघायला निघून गेले. मावशी रांगेतून बाहेर पडल्या आणि मला फोन केला. “माका परत फोटो नको,” म्हणाल्या. एवढंच.

माझा राग तोवर ओसरला असेल असं मला वाटलं होतं, पण तो होता तिथेच होता. मी अ‍ॅप उघडलं. पाहुणे. नवीन पाहुणे. नाव लिहिलं. कारण: भेट. किती वेळा: रोज. मशीनने मला काही म्हणजे काही विचारलं नाही. मी सांगितलं ही पाहुणी आहे आणि त्याने ते मानलं. त्याच्या याच भोळसटपणाने मावशींचं काम घालवलं होतं. म्हटलं, आता जरा माझ्याही कामाला येऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना आणायला गेटवर गेले, पाहुण्यांना आणायला जातात तशी. हिरवा दिवा लागला. वॉचमनने पडद्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, मग पुढच्या लिफ्टकडे हात केला. मावशी सवयीने मागच्या बाजूला वळल्या होत्या. मी त्यांचा दंड धरून त्यांना इकडे आणलं.

लिफ्टचं दार बंद झालं. मावशींनी मागे वळून पाहिलं आणि एकदम अंग चोरलं.

“हय आरसो आसा?” त्या म्हणाल्या.

टॉवर झाल्या दिवसापासून आहे, मी सांगितलं. मागच्या लिफ्टला पत्रा आहे, तोही ठोकलेला. इतकी वर्षं त्या रोज या इमारतीत वरखाली करत होत्या आणि इथे आरसा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मावशी थोडा वेळ आरशात बघत राहिल्या. त्यांनी पदर नीट केला, कपाळावरचे केस मागे सारले.

“सुनेक पण असाच लिव,” त्या म्हणाल्या.

लिफ्टमध्ये नेटवर्क नव्हतं. मी फोन हातात धरून वर पोचायची वाट बघत उभी राहिले.